अडतीसच्या वर

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी १९९४

चि. प्रमिला,

आधी वर 'चि. सौ.' लिहून गेलो होतो. हाताला तीच सवय आहे. खोडाखोड केलेलं पत्र तुझ्याकडे जायला नको म्हणून ते इनलँड फाडलं आणि हे दुसरं घेतलं.

तुझा पाचोऱ्याचा पत्ता कुंदामावशीने दिला. देणार नव्हती, मी दोनदा गेलो तेव्हा दिला. तू बालवाडीत लागलीस तेही तिच्याकडूनच कळलं. तिच्यावर रागावू नकोस.

दुकानात लाईट गेली आहे. लाईट नसली की बेंच बंद, बेंच बंद म्हणजे पंप तपासता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र लिहायचं दोन-तीन महिने मनात होतं. आता येत्या एप्रिलात अभिमनला जाऊन तीन वर्षं होतील. त्याच्या दहाव्याला नदीवर तू मला सगळ्या बायकांच्या देखत विचारलंस, "भाऊ, सील कोनी तोडं?" मी म्हणालो, "मले काय माहीत." त्यानंतर आपण बोललो नाही. मी आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी पाठवला, तू तो दारातून परत पाठवलास. पुढच्या वर्षापासून मी पाठवलाच नाही.

मागच्या आठवड्यात शिरपूरकडचा एक नवा ड्रायव्हर जीपचा डिझेल पंप घेऊन आला. वयाने तिशीचा असेल. म्हणाला, "अभिमनच्या जीपसारखी ताकद द्या. मी त्याच्यासारखा स्क्रूला हात लावणार नाही, घाबरू नका." आणि हसला. अभिमनला त्याने कधी पाहिलेलं नाही. स्टँडवर ही गोष्ट आता अशीच सांगतात असं दिसतं, की सील तोडून स्क्रू पिळला की अभिमनसारखं होतं. मी त्याचा पंप करून दिला, चार्टाप्रमाणे. तो गेल्यावर चहा मागवला आणि तसाच थंड झाला.

तुला एवढंच सांगायचं होतं की त्याचा पंप मीच थोडा वाढवला होता. त्यानेच सांगितलं म्हणून. अभिमन मागे लागला की कसा लागायचा ते तुला ठाऊक आहे.

तब्येतीची काळजी घे. तुझी वहिनी आठवण काढते.

जीवराम

---

देवपूर, धुळे
२ मार्च १९९४

चि. प्रमिला,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तू पत्र वाचलंस की नाही हेही माहीत नाही. तरी मागच्या पत्रात मी 'थोडा' असं लिहिलं ते चूक आहे.

तू आमच्या दुकानात फक्त एकदा आलीस, दसऱ्याला, पूजेला. त्या दिवशी बेंचला हार घातला होता. बेंच चालू पाहिलेला नाहीस, म्हणून सांगतो. जीपचा डिझेल पंप काढून आणतात आणि आम्ही तो बेंचवर चढवतो. बेंच तो फिरवतो आणि समोर चार काचेच्या नळ्या असतात, त्यांत डिझेल पडतं. एका नळीत किती पडावं हे कंपनीच्या चार्टात लिहिलेलं असतं. त्या जीपला अडतीस सीसी. चारही नळ्या अडतीसवर आल्या की काम झालं. शेवटी डिझेल कमी-जास्त करणाऱ्या फुल लोडच्या स्क्रूला तार ओवायची आणि शिशाचं सील दाबायचं. प्रत्येक दुकानाच्या पकडीवर आपली खूण असते. माझ्या पकडीवर 'जी' आहे. सील असेल तोवर तो पंप माझा. त्या गाडीला पंपामुळे काही झालं तर लोक मला विचारणार.

अडतीसच्या वर दिलं की गाडी ओढते, चढाला गिअर उतरवावा लागत नाही. पण इंजिनात हवा तेवढीच जाते. जास्तीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होतो आणि पिस्टनचं डोकं तापतं. सपाटीला काही कळत नाही. भर उन्हात, भरलेल्या गाडीने लांब चढ घेतला की कळतं. मी कुणालाही चाळीसच्या वर देत नसे. आयटीआयच्या सरांनी सांगितलं होतं, गिऱ्हाईक ताकद मागेल, तुम्ही इंजिनाचं आयुष्य बघा. मी आणि अभिमन एकाच बाकावर होतो. त्यानेही ते ऐकलं होतं.

रस्त्यापलीकडे दुसरं दुकान निघालं ते तुला आठवत असेल. ते मागेल तेवढं द्यायचे. सहा महिन्यांत माझे निम्मे ड्रायव्हर तिकडे गेले. समोरच्या टपरीवर चहा पिताना माझ्या देखत म्हणायचे, "जीवरामना पंप म्हंजे बैलगाडी शे." अभिमन एकटा माझ्याकडे येत राहिला. पण त्यालाही लग्नसराईत घाटाच्या दोन फेऱ्यांच्या तीन करायच्या होत्या. त्याच टपरीवर सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "बहीन दिन्ही, पन दोन थेंब डिझेल देस नही! असा कसा साला शे तू?" सगळे हसले. मीही हसलो. मग त्याला म्हणालो, आण पंप.

मी त्रेचाळीस दिले.

चहावाल्यापासून सगळ्यांना दिसावं म्हणून दिले. अभिमनला चाळीसवर पटवता आलं असतं. तो माझं ऐकायचा. मला ते ड्रायव्हर परत हवे होते. आणि बेंचवर त्रेचाळीस फार दिसत नाही गं. नळीत बोटाच्या जाडीएवढा फरक. बेंचला घाट नसतो.

आणि सील मी लावलं होतं. माझ्या पकडीने, माझी खूण घालून.

पुढचं आज लिहवत नाही.

जीवराम

---

देवपूर, धुळे
३ मार्च १९९४

चि. प्रमिला,

कालचं पत्र टाकून घरी आलो आणि मग लक्षात आलं की तुझा प्रश्न तसाच राहिला. सील कोणी तोडलं ते मी अजून लिहिलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी एका ट्रकवाल्याने बिजासनच्या घाटातून निरोप आणला. मी शिरपूरला पोचलो तेव्हा अभिमनला दवाखान्यात आणलं होतं. घाटात काय झालं ते तुला ठाऊकच आहे. चढावर गिअर बदलतानाच इंजिन जाम झालं. गाडी न्यूट्रलमध्ये, नुसत्या हँडब्रेकवर. त्याने आधी वऱ्हाडातल्या बाया-पोरं उतरवली. चौदा माणसं उतरवली. मग मागच्या चाकाला दगड लावायला वाकला आणि हँडब्रेक सुटला. कुणाला खरचटलंही नाही, तो सोडून.

तू दवाखान्याच्या पायरीवर बसली होतीस. अभिमनचे आबा भिंतीला टेकून उभे होते. मला पाहून तू म्हणालीस, "भाऊ, आत जा, त्याला बघ." मी आत गेलो नाही. मागच्या दाराने निघालो आणि गॅरेजवर गेलो. जीप तिथे ओढून आणून ठेवली होती. मिस्त्री जेवायला गेला होता. मी बॉनेट उघडलं. माझं सील जागेवर होतं, तार ताणलेली, 'जी' स्पष्ट दिसत होता. खिशात पक्कड होती. मी तार कापली आणि सील खिशात टाकलं.

अभिमन चादरीखाली होता आणि मी पंपावर वाकलो होतो. तुला एवढं सांगायला मला तीन वर्षं लागली.

पोलिसांनी पंपाचं विचारलंच नाही. त्यांनी हँडब्रेक लिहिला आणि गेले. चार दिवसांनी भिकनने इंजिन उघडायला लावलं, आपल्या भावाची गाडी एकाएकी का बसली म्हणून. पाच-सहा ड्रायव्हर उभे होते. दोन पिस्टनची डोकी वितळून लायनरला चिकटली होती. मिस्त्री म्हणाला, डिझेल फार दिलंय. भिकनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझं सील नाही यावर. मी दिल्यानंतर कुणीतरी स्क्रू फिरवलाय."

मी अभिमनचं नाव घेतलं नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. पण त्या गाडीला हात लावणारा दुसरा होता कोण?

त्यानंतर आबांच्या घरात तुला काय काय ऐकावं लागलं ते कुंदामावशीने सांगितलं. हावरटपणाने स्वतःचा जीव घालवला आणि घरची गाडीही घालवली, असं म्हणाले. अभिमनचं नाव घरात काढत नाहीत. आखाजीला पितरांबरोबर त्याच्या नावाची घागरही भरत नाहीत. आणि तू चुलीपाशी बसून सांगत राहिलीस की माझ्या नवऱ्याने त्या स्क्रूला कधीच हात लावलेला नाही. कुणी ऐकलं नाही. मग तू पाचोऱ्याला निघून गेलीस. तुझं म्हणणं खरं होतं. ते खरं आहे हे मी एकटाच जाणत होतो.

सील मी तोडलं, प्रमिला.

जीवराम

---

देवपूर, धुळे
२१ मार्च १९९४

चि. प्रमिला,

अजून एक राहिलं आहे. हे तुला ठाऊकही नसेल, कारण तुला कुणी सांगितलंच नसेल. अभिमन घरी बोलला असता तर तू मला दहाव्याला वेगळा प्रश्न विचारला असतास.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सीलपर्यंत सांगितलं की पुरे, असं वाटत होतं. पण गेले पंधरा दिवस बेंचवर पंप चढवला की तोच दिसतो.

पंप दिला त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, लग्नसराई भरात असताना, तो परत आला होता. जीप दारात उभी केली, बॉनेट उघडून दाखवलं. रेडिएटरमधलं पाणी रोज भरावं लागत होतं. म्हणाला, "काटा वर जास रे. घाटात लालपर्यंत जास. थोडं उतारी दे." म्हणजे तापमानाचा काटा. मला लगेच समजलं. हे मला वीस वर्षांत कुणी समजावून सांगायची वेळ आलेली नाही.

त्या वेळी दुकानात चार ड्रायव्हर बसले होते. पलीकडच्या दुकानातून परत माझ्याकडे आलेले. अभिमनची जीप घाटात कशी ओढते ते पाहूनच आलेले. त्यांचे पंप बाकावर ओळीने मांडलेले होते. त्यांच्यासमोर मी अभिमनचा पंप उतरवला असता तर ते काय म्हणाले असते?

मी म्हणालो, "रेडिएटर साफ करून घे. पंपाला काही झालेलं नाही. लग्नसराई होऊ दे, मग बघू."

तो म्हणाला, "पक्कं?"

मी म्हणालो, "मी सांगतो ना."

त्याने लगेच बॉनेट लावलं. माझं ऐकायचा हे मी मागे लिहिलंच आहे. जाताना त्या चौघांना म्हणाला, "मना साला शे, मंग काय!" त्याच्या बोलण्यात माझा अभिमान होता.

नऊ दिवसांनी घाट झाला.

तू हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. पण एकदा वाचून मग फाड.

जीवराम

---

देवपूर, धुळे
८ एप्रिल १९९४

चि. प्रमिला,

तुझं कार्ड पोचलं. त्यावर वर नाव नाही, खाली सही नाही. एकच ओळ, "आबांना सांगितलंस का?"

नाही सांगितलं.

तुला सांगणं सोपं होतं असं नाही. पण पत्रात सांगताना समोरचं तोंड दिसत नाही. आबांसमोर बसावं लागेल. मी दोनदा शिरपूरच्या गाडीत बसलो. पहिल्या वेळी मध्येच उतरलो आणि परत फिरलो. दुसऱ्या वेळी शिरपूरच्या स्टँडपर्यंत पोचलो, केळी घेतली, आणि केळी घेऊन परत आलो. तुझ्या वहिनीने विचारलं, "केळी आणायला शिरपूरला गेला होतात?" मग तिला सांगितलं. अठरा वर्षांच्या संसारात एवढंच तिला माहीत नव्हतं. रात्री भाकऱ्या टाकताना एवढंच म्हणाली, "प्रमिला खरं बोलत होती म्हणजे."

तुझ्या कार्डावर तारीख नाही, पण धुळ्याचा शिक्का दोन तारखेचा आहे. म्हणजे मी सहा दिवस फुकट घालवले.

उद्या जातो.

जीवराम

---

देवपूर, धुळे
२५ एप्रिल १९९४

चि. प्रमिला,

उद्या जातो म्हणालो होतो, गेलो अठराला. तेही खोटंच झालं. पण गेलो.

आधार आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. मी पायाशी बसलो. पाणी आलं, ते बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं, चार्टाच्या अडतीसपासून सीलपर्यंत आणि अभिमन परत आला होता तेही. त्यांनी दोर थांबवला नाही. मला वाटलं ऐकतच नाहीत. शेवटी हात थांबले आणि म्हणाले, "मना पोऱ्यानी हात लायेल नव्हता, नही?"

मी म्हणालो, "नाही आबा. त्याने स्क्रूला हात लावला नव्हता. उलट कमी करून दे म्हणून आला होता."

त्यांनी परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही विचारलं. मग मी पिशवीतून सील काढलं. तीन वर्षं ते माझ्या हत्यारांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, एका काडेपेटीत होतं. टाकून का दिलं नाही ते सांगता येत नाही. त्यांच्यापुढे धरलं आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मले नको सांगू," म्हणाले. "जठे बोलना व्हता, तठे जाईसन सांग."

जिथे बोलला होतास तिथे जाऊन सांग. मी म्हणालो, आबा, तुम्ही बरोबर चला. म्हणाले, "मी कसाले? मी काय खोटं बोलनू व्हतू?"

मग मी एकटाच गॅरेजवर गेलो. दुपारची वेळ, जीपा सावलीला लागलेल्या. भिकन होता. रुपचंद होता, तो त्या दिवशीही तिथे होता, तीस वर्षं गाडी चालवतो. आणखी सात-आठ जण होते. तो नवा ड्रायव्हरही होता, ज्याचं मी पहिल्या पत्रात लिहिलं. मला वाटलं होतं एकदम बोलून टाकीन. पण भिकनला नुसतं "काय म्हणता" असंच विचारलं. भिकन म्हणाला, "काही नाही. तुम्ही इकडे कसे?" मग सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, मागेपुढे. पण सगळं सांगितलं.

कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो, पण तेही स्वतःच्याच सोयीचं झालं.

भिकनने सील हातात घेतलं. हरभऱ्याएवढं शिसं. ते तळहातावर ठेवून बघत राहिला. म्हणाला, "इतलंसं?" आणि परत म्हणाला, "इतलंसंच?" मग ते खिशात घालून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या भिंतीवर ड्रायव्हरांनी खडूने काहीबाही लिहिलेलं असतं. तो तेच वाचत असल्यासारखा उभा होता. खांदे हलत होते.

रुपचंदने सावलीतल्या जीपांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे आम्हना बठ्ठासना पंप बी तसाच शेतस का?"

मला हे विचारतील असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, ज्यांनी त्या वर्षी घेतले त्यांचे चाळीसच्या वर असतील. नंतरचे नाहीत. त्या घाटानंतर मी कुणाला अडतीसच्या वर एक थेंब दिलेला नाही. पण जुने कुणाला परत आणायला सांगितलेही नाहीत. सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

"तीन वरीस हे सगळे त्या घाटात चढताहेत," तो नवा ड्रायव्हर म्हणाला. हसला नाही या वेळी.

शनिवारपासून पंप येताहेत. काल चार, आज तीन. एकाचा बेचाळीस निघाला, एकाचा एक्केचाळीस. मी चार्टावर आणून देतो. काही जणांनी पलीकडच्या दुकानातून करून घेतले, ते रास्तच आहे. पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

जीवराम

---

देवपूर, धुळे
९ मे १९९४

चि. प्रमिला,

शुक्रवारी आखाजी. काल भिकन जीप घेऊन दुकानाशी येऊन गेला, आत आला नाही, दारातूनच बोलला. या वर्षी आबा अभिमनच्या नावाची घागर भरणार आहेत. तू हवी आहेस. ते तुला न्यायला भिकनला पाचोऱ्याला पाठवताहेत, बुधवारी सकाळी. आबांनी स्पष्ट सांगितलंय की मी यायचं नाही, तुला आणायलाही नाही आणि घागरीलाही नाही. ते मला कळलं आहे. तुला कुंदामावशीकडून आधी कळेल, तरी म्हटलं आपणही लिहावं. अचानक जीप दारात उभी राहिली तर घाबरशील.

जीप तीच आहे, अभिमनची. इंजिन नवं बसवलेलं आहे. हँडब्रेकही नवा आहे, तो मी दारातूनच बघून घेतला. पंप भिकनने दुसऱ्याकडून करून घेतला, माझ्याकडे आणला नाही. तेच बरं.

तो निघताना मी एकच विचारलं, किती ठेवलं?

म्हणाला, अडतीस.

मग त्यात निर्धास्त बस.

जीवराम